दहा पौंडांचा मास्तर, तीनशे पौंडांचा लेखक : अठराव्या शतकातलं आयर्लंड

पानखूण (धागाकर्ती)

१७०९ साली आयर्लंडमध्ये शाळामास्तराचा भाव दहा पौंड होता. हा पगार नव्हे, पकडून देणाऱ्याचं बक्षीस. बिशप पकडून दिलात तर पन्नास पौंड, सरकारदरबारी नोंद नसलेला पाद्री वीस, कॅथलिक मास्तर दहा. ही रक्कम तिजोरीतून निघायची नाही, त्या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) कॅथलिक रहिवाशांकडूनच वसूल व्हायची. म्हणजे पोराचा मास्तर पकडला गेला की भुर्दंडही पोराच्या बापालाच.

गलिव्हर आपण बहुतेकांनी लहानपणी वाचलाय. पण तो लिहिणारा जोनाथन स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन (मुख्य धर्माधिकारी) होता आणि तिथे बसून त्याने सरकारला कसं जेरीस आणलं, त्यावर मराठीत गप्पा झालेल्या माझ्या वाचनात नाहीत. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १६९१ मध्ये आयर्लंडमधलं युद्ध इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट विल्यम राजाच्या बाजूने संपलं. लोकसंख्येत कॅथलिक साधारण तीन चतुर्थांश, पण जमीन, संसद, न्यायालयं आणि डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज हे सगळं सरकारमान्य चर्चच्या प्रॉटेस्टंटांकडे. उत्तरेतले प्रेस्बिटेरियन (सरकारमान्य चर्चबाहेरचा पंथ) प्रॉटेस्टंट असूनही दुय्यमच. १६९५ मध्ये डब्लिनच्या संसदेने कायदा केला, की कॅथलिकांनी मुलांना शिकायला परदेशी पाठवायचं नाही आणि देशात कॅथलिक माणसाने शाळा चालवायची नाही. चालवली तर वीस पौंड दंड आणि तीन महिने कैद. पुढचे दारही बंद, मागचेही.

आणि १७३१ मध्ये डब्लिनच्या संसदेतल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने चौकशी केली तेव्हा कॅथलिक शाळा निघाल्या ५४९! ज्या सापडल्या त्या एवढ्या.

आता दुसरा कायदा, किंवा त्याचा अभाव. लंडनच्या संसदेने १७१० मध्ये कॉपीराइटचा कायदा अमलात आणला, तो आयर्लंडला लागू नव्हता. डब्लिनच्या संसदेनेही स्वतःचा असा कायदा कधी केला नाही. त्यामुळे लंडनचं ताजं पुस्तक डब्लिनच्या मुद्रकाने उचललं, लेखकाला छदाम न देता छापलं आणि निम्म्या-पाऊण किमतीत विकलं, तरी तो गुन्हा नव्हता. ते ब्रिटनमध्ये विकायला नेलं तर मात्र गुन्हा. १७३९ च्या कायद्याने तसं स्पष्टच केलं.

माझं म्हणणं एवढंच, की आयर्लंडचं वाचन या दोन गोष्टींच्या बेचक्यात वाढलं. शाळेवर कायद्याचा बडगा होता, पुस्तकांना कायद्याची आडकाठी नव्हती. आणि राजकीय लेखन या दोन्हींचा पुरेपूर फायदा घेत मोठं झालं.

स्विफ्टचंच उदाहरण घ्या. १७२० मध्ये त्याने एक निनावी पत्रक काढलं, आयरिश लोकांनी आयरिश मालच वापरावा म्हणून. (स्वदेशी! तेही १७२० साली.) लेखक कोण ते सगळ्या शहराला ठाऊक, पण पुरावा नाही. म्हणून सरकारने मुद्रक एडवर्ड वॉटर्सला धरलं. ज्यूरी म्हणाली, निर्दोष. मुख्य न्यायाधीश व्हिटशेडने ज्यूरीला परत पाठवलं, पुन्हा विचार करा म्हणून. पुन्हा तेच. असं नऊ वेळा! अकरा तास अडकवून ठेवल्यावर कंटाळून ज्यूरीने निर्णय न्यायाधीशावरच सोडला. शेवटी खटला बारगळला, व्हिटशेडचं हसं मात्र झालं.

त्याहून मोठं प्रकरण १७२४ चं. विल्यम वुड नावाच्या इंग्रज कारखानदाराला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायचा ठेका मिळाला होता. चौदा वर्षं, ३६० टन तांबं, दर्शनी किंमत १,००,८०० पौंड. ठेका मुळात राजाच्या मर्जीतल्या डचेस ऑफ केंडलला मिळालेला, तिने तो वुडला दहा हजार पौंडांना विकला. आयर्लंडच्या संसदेला कुणी विचारलंही नाही. स्विफ्टने कापडदुकानदाराचं सोंग घेतलं आणि दुकानदाराच्याच भाषेत पत्रं लिहायला घेतली. पहिल्याच पत्रात त्याचा हिशोब बघा : स्क्वायर कॉनोली या बड्या जमीनदाराचं उत्पन्न वर्षाला सोळा हजार पौंड. वुडच्या चिल्लरमध्ये खंड आला तर सहा महिन्यांची रक्कम शहरात आणायला त्याला अडीचशे घोडे लागतील, आणि ठेवायला दोन-तीन मोठी तळघरं. अतिशयोक्ती आहेच, पण बाजारात उभ्या असलेल्या माणसाला चलनाची घसरण याहून सोपी कशी सांगणार? मुद्रकाला कमीत कमी किमतीत विकायला सांगितलंय, हेही त्याने त्याच पत्रात लिहून टाकलं.

चौथ्या पत्रात तो नाण्यांवरून थेट मुद्द्यावर आला. आयर्लंडचे लोक इंग्लंडच्या लोकांइतकेच स्वतंत्र आहेत की नाहीत? लॉर्ड लेफ्टनंट (आयर्लंडमधला राजाचा प्रतिनिधी) कार्टरेटने लेखकाचं नाव सांगणाऱ्याला तीनशे पौंड जाहीर केले. स्विफ्टला कार्टरेट व्यक्तिशः ओळखत होता, लेखक कोण तेही त्याला माहीत होतं. तरी तीनशे पौंड घ्यायला कुणी आलं नाही. उलट गावभर बायबलमधलं एक वचन फिरू लागलं, लोकांनी जोनाथनला राजाच्या तावडीतून सोडवल्याचं. ऑगस्ट १७२५ मध्ये वुडचा ठेका रद्द झाला.

किंमत मोजली ती मुद्रक जॉन हार्डिंगने. तो तुरुंगात गेला आणि १७२५ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याची बायको सारा हिने छापखाना चालू ठेवला. गरिबांची पोरं श्रीमंतांनी खावीत असं सुचवणारं स्विफ्टचं ते भयंकर उपरोधिक पत्रक १७२९ मध्ये तिनेच छापलं. या सारा हार्डिंगबद्दल कुणाला अधिक माहिती असेल तर जरूर लिहा.


मुळामुठा

भारी विषय! नऊ वेळा परत पाठवलेली ज्यूरी वाचून हसू आवरेना.

एक बाळबोध प्रश्न. शाळांवर बंदी, तर मग त्या ५४९ शाळा भरायच्या कुठे? मास्तर जगायचा कशावर?


पानखूण

बाळबोध कसला, मुख्य प्रश्न आहे तो. सुरुवातीच्या काळात शेताच्या कुंपणाच्या आडोशाला, उन्हाच्या बाजूने पाठ टेकून. एक पोरगा वाटेवर नजर ठेवायला. यावरूनच त्यांना हेज स्कूल म्हणतात. थंडी-पावसात कुणाच्या गोठ्यात, पडवीत नाहीतर मातीच्या खोपटात. पोरं शेकोटीसाठी घरून पीटचं (दलदलीतून खणून वाळवलेलं जळण) एकेक ढेकूळ घेऊन यायची.

फी तिमाही, आणि विषयाप्रमाणे वेगळी. नुसतं वाचन सगळ्यात स्वस्त, लेखन घेतलं तर जास्त, गणित त्याहून महाग. पैसे नसतील तर लोणी, अंडी, पीट. बरेच मास्तर पाळीपाळीने विद्यार्थ्यांच्या घरी राहायचे. क्रमिक पुस्तक वगैरे काही नाही. घरात जे छापील असेल ते पोराने आणायचं आणि त्यातून शिकायचं. त्यात धार्मिक पुस्तकं तर असतच, पण जत्रेत फेरीवाल्याकडून घेतलेल्या दरोडेखोरांच्या कथाही असत. पुढे सरकारी पाहुणे या यादीवर फार नाकं मुरडत, पण पोरं मन लावून वाचत होती हे त्यांनाही कबूल करावं लागे.


घाटमाथा

लेख रंगतदार आहे, पण जरा थांबा.

पहिलं म्हणजे, कुंपणाखालची शाळा हे चित्र आयरिश राष्ट्रवादाने नंतर फार गोंजारलं. १७३० नंतर मास्तरांवरचे खटले विरळ होत गेले. कायदा पुस्तकात राहिला, स्थानिक मॅजिस्ट्रेट मनात आलं तरच तो बाहेर काढायचा. १७८२ मध्ये प्रॉटेस्टंट बिशपचा परवाना घेऊन शिकवायला मुभा मिळाली, १७९२ मध्ये तो परवानाही गेला. म्हणजे शतकातली बहुतेक वर्षं हा लपंडाव नव्हता, दुर्लक्ष होतं. दुर्लक्षात वाढणं आणि छळात वाढणं यात फरक करा.

दुसरं, स्विफ्टची पत्रं 'आयर्लंडच्या समस्त लोकांना' उद्देशून असली तरी त्या समस्तांत कॅथलिक शेतकरी कितपत धरलेला होता? डीनसाहेबांचा कॅथलिकांवरचे कायदे काढायला पाठिंबा नव्हता. प्रेस्बिटेरियनांना सरकारी पदं द्यायलाही ते कडाडून विरोध करत. भांडण डब्लिनचे प्रॉटेस्टंट विरुद्ध लंडनचे प्रॉटेस्टंट असं होतं. १६९८ मध्ये मॉलिनोने आयर्लंडच्या संसदेच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं तेव्हापासून हीच रड चालू होती.

तिसरं, शिक्षणाबद्दल बोलायचं तर चार्टर स्कूल्स वगळून कसं चालेल? १७३३ च्या राजाज्ञेने एक संस्था निघाली. गरीब कॅथलिक पोरं घ्यायची, दूरच्या शाळेत ठेवायची, इंग्रजी आणि प्रॉटेस्टंट धर्म शिकवायचा, हाताला काम लावायचं. आईबापांपासून तोडणं हा योजनेचा भागच होता. संसदेकडून वर्षानुवर्षं अनुदान, दरवर्षी डब्लिनमध्ये संस्थेसाठी प्रवचन आणि भरभराटीचे अहवाल. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्डने १७८० च्या दशकात स्वतः फिरून पाहिलं तेव्हा अहवालात होती तेवढी मुलं प्रत्यक्षात नव्हतीच. जी होती ती अर्धपोटी, खरजेने भरलेली, चिंध्यांत. सूत कातायला जुंपलेली, अक्षरओळख यथातथाच. तुरुंग-निरीक्षक जेरेमाया फिट्झपॅट्रिकनेही तेच सांगितलं. १७८८ मध्ये हे सगळं संसदेच्या समितीपुढे आलं. अनुदान तरी चालूच राहिलं!

ज्या शाळेवर पैसा ओतला तिथे पोरं कातत बसली, आणि ज्या शाळेवर बक्षीस लावलं तिथे ती वाचायला शिकली. हे तुमच्या मुद्द्याच्या बाजूने जातं याची मला कल्पना आहे.


खिळेजुळारी

पानखूण, छान धागा. कॉपीराइटबद्दल थोडी भर घालतो. हयात छापखान्यात गेली, त्यामुळे राहवत नाही.

डब्लिनची पुस्तकं स्वस्त का? लेखकाचं मानधन वाचलं हे खरं, पण मुख्य बचत कागदाची. त्या काळी छपाईच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असे. लंडनमध्ये भारदस्त पुस्तक क्वार्टोत निघायचं, म्हणजे ताव दोनदा दुमडायचा, आठ पानं. डब्लिनवाला तोच मजकूर बारीक खिळ्यांत (शिशाच्या अक्षरांत) जुळवून ऑक्टेव्होत आणायचा, म्हणजे एका तावात सोळा पानं. ड्युओडेसिमो केलं तर चोवीस. समास कमी, दोन ओळींतली शिसपट्टी कमी. तीन जाडजूड खंडांचं काम दोन छोट्या पुस्तकांत उरकलं. श्रीमंताच्या कपाटासाठी केलेलं पुस्तक खिशात मावेल असं व्हायचं. हातदाबाच्या यंत्रावर दोन माणसं, एक शाई लावणारा आणि एक दांडा ओढणारा. मजुरी दोन्ही शहरांत लागायचीच, कागद तेवढा वाचवता येई.

डब्लिनवाल्यांचा आपसातला अलिखित नियमही गमतीदार होता. लंडनच्या एकाच पुस्तकावर चौघांनी उडी मारली तर सगळेच बुडतील. म्हणून ज्याच्या हाती मजकूर आधी आला त्याने नामपृष्ठ चिकटवून जाहीर करायचं, मग बाकीचे हात आवरते घेत. साहजिकच सगळी स्पर्धा मजकूर आधी कोण मिळवतो याची.

यातूनच १७५३ चं रिचर्डसन प्रकरण झालं. सॅम्युअल रिचर्डसन हा कादंबरीकार स्वतःच लंडनमधला मोठा मुद्रक. 'सर चार्ल्स ग्रँडिसन' ही कादंबरी तो स्वतःच्या छापखान्यात छापत होता आणि डब्लिनच्या जॉर्ज फॉकनरला अधिकृतपणे फर्मे (छापलेले ताव) पाठवायचं ठरलं होतं. एवढ्यात कळलं की डब्लिनच्या तीन विक्रेत्यांकडे फर्मे आधीच पोचलेत, पुस्तक लंडनला बाजारात यायच्या आधी! रिचर्डसनच्याच कामगारांना कुणीतरी फितवलं होतं. त्याने कामगारांना ताकीद दिली होती, फर्म्यांवर पहारा ठेवला होता, तरी बहुतेक सगळी कादंबरी एकेक ताव करून बाहेर गेली. ज्याने छापखाना चालवलाय त्याला हे समजेल. रात्री वाळत टाकलेल्या तावांतून एक कमी झाला तर कुणाला पत्ता लागतो? रिचर्डसनने संतापून एक पत्रकच छापलं आणि फुकट वाटलं. कायदा त्याच्या बाजूने नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती एवढंच उरलं होतं.

फॉकनरचं नाव निघालंच आहे तर, १७३५ मध्ये स्विफ्टचं समग्र साहित्य चार खंडांत त्याने काढलं. १७२६ च्या लंडनच्या आवृत्तीत गलिव्हरमधला बराच मजकूर मुद्रकाने घाबरून बदलला होता, तो फॉकनरच्या आवृत्तीत पुष्कळसा मूळपदावर आला. तरी एक भाग त्यानेही गाळलाच. उडत्या लापुटा बेटाविरुद्ध खालचं एक शहर बंड करतं आणि जिंकतं, हा तो भाग. नाणेप्रकरणाचंच रूपक होतं ते, डब्लिनमध्ये कुणालाही कळलं असतं. तो मजकूर छापील पुस्तकात आला १८९९ मध्ये.

फॉकनर लाकडी पायाचा होता. लंडनच्या एका नटाने रंगमंचावर त्याची नक्कल केली तर याने त्याच्यावर फिर्याद लावून जिंकलीही. अवांतर झालं, पण असे मालक आता होत नाहीत.


डब्लिनवासी

गेली काही वर्षं इथेच नोकरीला आहे. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या अगदी शेजारी मार्श लायब्ररी आहे, १७०७ ची. आर्चबिशप नार्सिसस मार्शने उभारलेली, आयर्लंडमधली पहिली सार्वजनिक लायब्ररी. आत काळसर ओकची कपाटं अजून जागच्या जागी आहेत. शेवटी जाळीचे तीन कप्पे आहेत, दुर्मीळ पुस्तकं वाचणाऱ्याला त्यात कोंडून बसवत, पुस्तक पळवू नये म्हणून. इथल्या एका पुस्तकाच्या समासात स्विफ्टने पेन्सिलीने स्कॉटिश लोकांना शिव्या घातल्यात. पुण्या-मुंबईहून कुणी आलं की मी ट्रिनिटीची लाँग रूम दाखवतो, पण आधी इथे नेतो.

शाळांच्या चर्चेत एक नाव राहिलं. नॅनो नेगल, जन्म १७१८, काउंटी कॉर्क. घरचं बऱ्यापैकी, म्हणून बंदी असूनही फ्रान्समध्ये शिकली. १७५० च्या दशकात कॉर्क शहरात गुपचूप एक शाळा काढली, गरीब मुलींसाठी. घरच्यांना पत्ता नव्हता. काही वर्षांत शाळा वाढत सातावर गेल्या. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी हातात कंदील घेऊन आजाऱ्यांच्या घरी फेऱ्या. १७७५ मध्ये तिने जो भगिनीसंघ स्थापन केला तोच पुढे प्रेझेंटेशन सिस्टर्स. १८४२ मध्ये त्यांच्यातल्या काही जणी जहाजाने मद्रासला आल्या. आपल्याकडच्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंट शाळांचं मूळ हे.

एडमंड बर्क आईच्या बाजूने या नेगल घराण्यातलाच. त्याची सुरुवातीची शिकवणी आजोळी हेज स्कूलमध्ये झाली असं कॉर्कमध्ये सांगतात. पुढे तो किल्डेअरमधल्या बॅलिटोरला क्वेकर (सरकारमान्य चर्चबाहेरचा आणखी एक पंथ) मास्तर अब्राहम शॅकल्टनकडे गेला आणि मग ट्रिनिटीला. आई कॅथलिक, बाप प्रॉटेस्टंट चर्चमधला, मास्तर क्वेकर.


रानजाई

सगळे इंग्रजी पुस्तकांबद्दलच बोलताहेत म्हणून लिहिते. त्या हेज स्कूलमधले कितीतरी मास्तर आयरिश भाषेतले नावाजलेले कवी होते, आणि त्यांचं छापलं जवळपास काहीच गेलं नाही.

मन्स्टरमधला ओवेन रुआ ओ'सुलिवन घ्या (१७४८-१७८४). अठराव्या वर्षी शाळा काढली, ती मोडली, शेतमजुरी केली, मग ब्रिटिश नौदलात भरती. १७८२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट्सच्या लढाईत तो होता. ॲडमिरल रॉडनीवर त्याने इंग्रजीत स्तुतिगीत रचलं, सुटका होईल या आशेने. झाली नाही. परत आल्यावर केरीच्या सीमेवर नॉकनाग्री गावात पुन्हा शाळा काढली आणि तिथल्या पाद्रीबाबांना पद्यात अर्ज केला, की रविवारी मासच्या (कॅथलिक प्रार्थनाविधीच्या) वेळी माझ्या शाळेची घोषणा करा, मी काय काय शिकवतो तेही सांगा. बेकायदा शाळांपासून चर्चमधल्या जाहिरातीपर्यंतचा प्रवास असा. घाटमाथांचा दुर्लक्षाचा मुद्दा इथे पटतो. पुढे काही महिन्यांतच खानावळीतल्या मारामारीत डोक्यात चिमटा बसून तो गेला.

क्लेअरमधला ब्रायन मेरिमन फीकल गावचा मास्तर. १७८० मध्ये हजारावर ओळींचं अफलातून काव्य लिहिलं, त्यात बायका रात्रीच्या दरबारात पुरुषांवर खटला भरतात. हस्तलिखितं हातोहात नकलून घेतली गेली. छापील रूप यायला एकोणिसावं शतक अर्धं सरावं लागलं. आपल्याकडे आख्यानांच्या वह्या नकलून घेत तसंच हे.

बोचणारी गोष्ट अशी, की हेच आयरिश कवी शाळेत इंग्रजी शिकवत. आईबाप पैसे मोजायचे ते इंग्रजीसाठी. कोर्ट, जत्रा, गहाणखत, अमेरिकेची वाट, सगळं इंग्रजीत. सरकारच्या चार्टर स्कूल्सना जे जमलं नाही ते या मास्तरांच्या हातून झालं. पानखूण, तुमच्या बेचक्यात आयरिश भाषा कुठे बसते?


पानखूण

जुळारीकाका, वाळत घातलेल्या तावांचं वाचून मजा आली. रानजाई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर दुबळं आहे : बसत नाही. स्वस्त पुस्तक इंग्रजीच होतं. शार्लट ब्रुकने १७८९ मध्ये जुन्या आयरिश कविता भाषांतरासह छापल्या, आयरिश लिपीचे खिळे वापरून. पण ते वर्गणीदारांचं, दिवाणखान्यातलं पुस्तक. १७९५ मध्ये बेलफास्टला 'बोल्ग अन तसोलर' हे आयरिश मासिक निघालं, त्याचा एकच अंक आला. पण तो कुठल्या छापखान्यात छापला ते बघा. 'नॉर्दर्न स्टार' या वर्तमानपत्राच्या! घाटमाथांना उत्तरही तिथेच आहे.

स्विफ्टचे 'समस्त लोक' अरुंद होते, मान्य. मधल्या काळात चार्ल्स लुकस नावाचा औषधविक्या डब्लिन महापालिकेच्या कारभाराविरुद्ध लिहू लागला, १७४९ मध्ये संसदेने त्याला देशाचा शत्रू ठरवलं, तो पळाला, परत येऊन १७६१ मध्ये खासदार झाला. 'फ्रीमन्स जर्नल' १७६३ पासून. तरी अजून सगळं प्रॉटेस्टंट घरातलंच. परीघ मोडला तो १७९१ मध्ये. ऑगस्टमध्ये वुल्फ टोन या प्रॉटेस्टंट वकिलाने 'उत्तरेचा एक व्हिग' या सहीने कॅथलिकांच्या बाजूने पत्रक लिहिलं. त्याचा रोख बेलफास्टच्या प्रेस्बिटेरियनांवर होता : कॅथलिकांना बाजूला ठेवून तुम्हाला लंडनशी भांडता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये बेलफास्टला युनायटेड आयरिशमेन या संघटनेची स्थापना झाली (लंडनच्या सत्तेविरुद्धचं १७९८ चं बंड पुढे याच संघटनेचं) आणि ४ जानेवारी १७९२ ला 'नॉर्दर्न स्टार' सुरू. आठवड्यातून दोनदा, संपादक सॅम्युअल नीलसन, कापडाचा व्यापारी. (या वेळी सोंग नव्हतं, खराच कापडवाला!)

एक अंक घरात एकच माणूस वाचत नव्हता. लोहाराच्या भात्यापाशी, दारूच्या गुत्त्यात, प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात कुणीतरी मोठ्याने वाचायचा. आणि हा वाचणारा बऱ्याचदा मास्तर. टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन' या राजेशाहीविरोधी पुस्तकाच्या स्वस्त आयरिश आवृत्त्या अशाच पसरल्या. इथे शाळा आणि छापखाना एकत्र आलेले दिसतात. सरकारलाही ते दिसलं, म्हणून १७९८ च्या आसपास मास्तर लोक संशयितांच्या यादीत पहिले.

जेम्स पोर्टर हा ग्रेअ‍ॅबीचा प्रेस्बिटेरियन धर्मगुरू, आधी शाळामास्तर. १७९६ मध्ये त्याने 'स्टार'मध्ये बिली ब्लफ नावाच्या चहाडखोराचे संवाद लिहिले. बिली जमीनदाराकडे जाऊन गावच्या चुगल्या करतो : अमक्याने पेन वाचला, तमक्याच्या घरी गाणी म्हटली, आणि जमीनदार प्रत्येक बातमीला तडकतो. लोकांना ओळी पाठ होत्या. २ जुलै १७९८ ला पोर्टरला त्याच्याच प्रार्थनागृहासमोर फाशी दिलं.


घाटमाथा

पोर्टरचा प्रत्यक्ष बंडातला सहभाग फार थोडा होता, त्यावरचा पुरावा तकलादू होता हेही जोडा. फाशीचं खरं कारण बिली ब्लफ, असं तेव्हाही लोक म्हणत.

'स्टार'चा शेवटही सांगायला हवा. मे १७९७ मध्ये मोनाहन मिलिशियातल्या चार शिपायांना युनायटेड आयरिशमेनची शपथ घेतल्याबद्दल गोळ्या घातल्या. रेजिमेंटला आपली राजनिष्ठा दाखवायची होती. तीन दिवसांनी शिपाई छापखान्यात घुसले, यंत्रं फोडली, खिळे रस्त्यावर फेकले. कुणाला शिक्षा नाही. ते पत्र पुन्हा निघालं नाही. डब्लिनला 'द प्रेस' काढलं, त्याचा मुद्रक पीटर फिनर्टी याला दोन वर्षं कैद आणि वर भर रस्त्यात खोड्यात उभं करायची शिक्षा. हार्डिंगपासून फिनर्टीपर्यंत सरकारची पद्धत एकच दिसते. लेखकाचं नाव मिळत नाही ना, मग मुद्रकाला धरा.

१७९८ पर्यंत परीघ मोडला हे मान्य. पण मोडल्यावर बंड, कत्तल आणि १८०१ चं ब्रिटनशी विलीनीकरण हेही त्याच हिशोबात धरायला हवं. पत्रकांनी लोक एक केले म्हणायचं तर वेक्सफर्डमधल्या धार्मिक हत्या कुठल्या खात्यात मांडायच्या?


भाऊचाधक्का

अवांतर, पण भारताशी थेट नातं आहे म्हणून.

कलकत्त्यात २९ जानेवारी १७८० ला भारतातलं पहिलं छापील वर्तमानपत्र काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी आयरिशच. हेस्टिंग्जवर लिहिलं म्हणून तुरुंग, १७८२ मध्ये खिळे-यंत्र जप्त. दुसरा विल्यम ड्युएन. जन्म अमेरिकेत, पण वाढला आयर्लंडमधल्या क्लोनमेलला, छपाई तिथेच शिकला. कलकत्त्यात 'इंडियन वर्ल्ड' काढलं, कंपनीने धरून जहाजावर चढवलं. तो पोचला फिलाडेल्फियाला आणि 'ऑरोरा'चा संपादक झाला. तिथेही राजद्रोहाचा खटला! दोन खंडांत दोन सरकारांना नकोसा झालेला माणूस.

आणि १७९९ मध्ये कलकत्त्याच्या वृत्तपत्रांवर छापण्यापूर्वीची तपासणी कुणी लादली? गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने. काउंटी मीथचं घराणं, स्वतः आयर्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसलेला. धाकटा भाऊ आर्थर डब्लिनच्या संसदेत ट्रिमचा सभासद होता, तोच १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांसमोर उभा राहिला. डब्लिनची पत्रकबाजी आणि तिचा १७९८ मधला शेवट हे दोघं ओळखून होते.


मुळामुठा

हा धागा निवडक दहात टाकला आहे. शेवटचा प्रश्न जुळारीकाकांना. १८०१ नंतर त्या डब्लिनच्या छापखान्यांचं काय झालं?


खिळेजुळारी

बसले. विलीनीकरणाबरोबर १८०१ मध्ये ब्रिटनचा कॉपीराइट कायदा आयर्लंडला लागू झाला. लंडनची पुस्तकं उचलून छापण्याचा धंदा एका फटक्यात बेकायदा. त्याच कायद्याने ट्रिनिटी कॉलेजला मात्र प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत फुकट मिळू लागली, ती आजही मिळते. संसद गेली तशी गिऱ्हाइकं असलेले उमराव-वकीलही लंडनला गेले. बरेच मुद्रक, जुळारी अमेरिकेला. वाट आधीच पडलेली होती. मॅथ्यू केरी १७८४ मध्येच फिलाडेल्फियाला पळाला होता. 'व्हॉलंटियर्स जर्नल'मध्ये संसदेतल्या जॉन फॉस्टरवर जळजळीत लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेला, सुटल्यावर पुन्हा पकडतील म्हणून बाईचे कपडे घालून जहाजात चढला. लाफायेतने दिलेल्या चारशे डॉलरवर छापखाना टाकला आणि पुढे अमेरिकेतला बडा प्रकाशक झाला. त्याच्या सुरुवातीच्या धंद्यात डब्लिनच्या जुन्या युक्त्या दिसतात, कारण अमेरिकेत परदेशी पुस्तकांना कॉपीराइट नव्हता.

मागे राहिले त्यांनी पंचांगं, प्रार्थनापुस्तकं, जाहिरातींचे कागद छापून दिवस काढले. १८२० च्या दशकात सरकारी आयोगाने मोजलं तेव्हा पालकांच्या फीवर चालणाऱ्या शाळा नऊ हजारांवर होत्या, त्यांना पुस्तकं लागतच होती. मग १८३१ मध्ये राष्ट्रीय शिक्षण मंडळ आलं. मंडळाने स्वतःची क्रमिक पुस्तकं काढली, सरकारी पैशावर, फार स्वस्त. ती इतकी चालली की इंग्लंडच्या शाळा आणि वसाहतीही मागवू लागल्या. १८५० च्या आसपास लंडनचे लाँगमन आणि मरे हे प्रकाशक पंतप्रधानांकडे तक्रार घेऊन गेले : डब्लिनची स्वस्त पुस्तकं आमचा धंदा बुडवताहेत!